गावाच्या पोटातली शीव

(दृश्य : ओढा. फक्त पाण्याचा आवाज.)

हा टानबाख. नदी म्हणावी असं काही नाही, ओढाच आहे. एक ढांग टाकली की पलीकडे. पण तेवढ्यात जर्मनीतलं राज्य बदलतं. अलीकडे बव्हेरिया, पलीकडे थुरिंगिया. गाव मात्र एकच, म्योडलारॉइट. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची.

आपल्याकडे शीव गावाच्या टोकाला असते. इथं ती गावाच्या पोटातून गेली आहे. १८१० मध्ये बव्हेरियाचं राज्य आणि रॉइस नावाचं छोटं संस्थान यांनी ओढ्याकाठी हद्दीचे दगड रोवले. गावाने ते काही फारसं मनावर घेतलं नाही. शाळा आणि गावाचा एकुलता एक गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, तर चर्च बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावात. पोरं शिकायला एकीकडे जायची, रविवारी सगळं गाव दुसरीकडे. ओढा कुणाच्या आड येत नव्हता.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१९४५ नंतर आला. एका काठावर अमेरिकेचा ताबा, दुसऱ्यावर सोव्हिएत संघाचा. १९४९ मध्ये दोन काठांचे दोन देश झाले, बव्हेरियाकडे पश्चिम जर्मनी, थुरिंगियाकडे पूर्व जर्मनी. तरीही पास दाखवून ये-जा चालू होती. १९५२ मध्ये तीही थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये पूर्व जर्मनीने सरहद्दीवरच्या 'भरवशाच्या नसलेल्या' कुटुंबांना घरांतून उठवून दूर नेलं. थुरिंगियात या मोहिमेचं नाव होतं 'उंगेत्सीफर'. म्हणजे कीड.

आधी लाकडी कुंपण, मग काटेरी तारा आणि १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत. ७०० मीटर लांब, तीन मीटरहून उंच. पन्नास माणसांच्या गावाला!

(दृश्य : भिंतीचा उरलेला तुकडा.)

अमेरिकन सैनिक याला 'छोटं बर्लिन' म्हणत. पश्चिमेकडून बसगाड्या भरून लोक भिंत बघायला यायचे, हात हलवायचे. पूर्वेकडच्यांना उलट हात हलवायलाही बंदी होती. १९७३ मध्ये एक जण शिडी लावून पार झाला.

९ डिसेंबर १९८९ ला भिंतीत वाट झाली. पुढच्या जूनमध्ये यंत्राने भिंत पाडली. शंभरेक मीटर मुद्दाम ठेवली, संग्रहालयासाठी.

ओढा मात्र आजही राज्यांची हद्दच आहे. बव्हेरियाकडची घरं ट्योपेनच्या महापौराकडे, थुरिंगियाकडची गेफेलच्या. पिनकोड दोन, फोनचे कोडही दोन.

(दृश्य : छोटा पूल, सकाळ.)

पुलावर दोन शेजारी भेटले, तर नमस्काराला अलीकडचा 'ग्र्युस गॉट' म्हणतो, पलीकडचा 'गुटेन टाग'.