पदामागचा हात

(दृश्य : देवळासमोरचा मांडव, दुपार. लाकडी पेटीतून कन्सोल, म्हणजे आवाजाचा मिक्सर, बाहेर काढताना.)

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाचा उत्सव. रात्री पालखी देवळात परतली की गावातलीच माणसं संगीत नाटक उभं करणार. दीनानाथ मंगेशकर आणि पंडित जितेंद्र अभिषेकी, दोघांचीही जन्मभूमी असलेलं मंगेशी याच तालुक्यातलं. इथल्या प्रेक्षकाला चांगलं पद ओळखायला शिकवावं लागत नाही. ते पद शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवणारा माणूस मात्र मांडवाच्या मागच्या खांबाशी बसतो, आणि हँडबिलावर त्याचं नाव सर्वांत शेवटी येतं.

(दृश्य : बटण दाबताच फेडर आपोआप सरकतात. हेच पुन्हा, सावकाश.)

हा कन्सोल बेरिंजर कंपनीचा एक्स 32, डिजिटल, 2012 मध्ये बाजारात आलेला. मागच्या बाजूला 32 माईक लागतात. पुढे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या, 25 : डावीकडे चॅनेलचे, म्हणजे एकेका माईकचे, 16, उजवीकडे अनेक माईक एकत्र हाताळायच्या ग्रुपचे 8 आणि टोकाला एकूण आवाजाचा मेन. एक बटण दाबलं की पहिल्या 16 माईकांचे फेडर पुढच्या 16 माईकांचे होतात, आणि प्रत्येक फेडर मोटरच्या जोरावर आपल्या जागी जाऊन थांबतो. मघाशी ऑर्गनचा होता तो फेडर आता दुसऱ्या कुणाचा तरी असतो. म्हणून आधी पट्टीवरचं नाव वाचायचं, मग बोट ठेवायचं.

(दृश्य : नॉबभोवतीचं दिव्यांचं कडं, अगदी जवळून.)

वरच्या नॉबना टोक नाही, ते फिरतच राहतात. जुन्या ॲनालॉग मिक्सरवर प्रत्येक चॅनेलची नॉबची स्वतंत्र उभी रांग असायची. नॉबवरची रेघ बघितली की काय ते कळायचं. इथे नॉबचा एकच संच सगळ्या चॅनेलना पुरतो. ज्या चॅनेलचं सिलेक्ट बटण दाबलं असेल, नॉब त्याचा. किती फिरलाय ते दिवे सांगतात. सिलेक्ट तबल्यावर राहिलं आणि आपण नायिकेच्या आवाजातला घोगरेपणा काढतोय असं वाटत राहिलं, तर तिकडे तबल्याचा डग्गाच गायब होतो.

(दृश्य : संध्याकाळ. नट एकेक करून माईकसमोर बोलतात. मीटर हलतो.)

नॉबचं काम आत्ताचं, पडदा उघडण्याआधीचं. पहिला नॉब गेनचा, म्हणजे माईकचा आवाज कन्सोलमध्ये किती मोठा घ्यायचा त्याचा. नट नेहमीच्या आवाजात बोलला की मीटर उणे 18 डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन उघडायचा. ती मोकळी जागा तानेसाठी ठेवलेली असते. डिजिटल मीटरवर शून्याच्या वर काही नाही. तिथे आवाज चिरतो, आणि चिरलेला आवाज पुढे कुठलाही नॉब दुरुस्त करू शकत नाही. फेडरवरही शून्य लिहिलेलं असतं, ते वेगळं. त्याचा अर्थ, आवाज आला तसाच पुढे सोडला. त्या शून्याच्या वर अजून 10 डेसिबल शिल्लक असतात.

मग लो कट. साधारण 100 हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं की फळ्यांवरच्या पावलांची धडधड आणि पंख्याची घरघर बरीचशी जाते.

(दृश्य : फेडरची पट्टी. बाजूचे आकडे.)

आता फेडर. याची लांबी 100 मिलिमीटर. शून्यापासून उणे 10 पर्यंत यायला अडीच सेंटीमीटर लागतात. तळाच्या अडीच सेंटीमीटरमध्ये मात्र उणे 30 पासून पूर्ण शांततेपर्यंतचं सगळं कोंबलेलं आहे. वर बोट केसभर सरकलं तर आवाज केसभरच बदलतो, खाली तेवढ्यानंच दचकायला होतं. पद सांभाळायचं तर फेडर शून्याजवळ हवा, आणि तो तिथे राहायला गेन आधीच नीट लागलेला हवा.

(दृश्य : रात्र. ऑर्गन सूर देतो. नट गद्यातून पदात येतो. फेडरवरची दोन बोटं.)

इथे बोटांकडे पाहा. शेवटचं वाक्य नट जवळजवळ कुजबुजत बोलतो, बोटं थोडी वर जातात. ऑर्गननं षड्ज भरला. तार सप्तकातली तान यायच्या आधी, नटानं श्वास घेतला त्याच क्षणी, बोटं सेंटीमीटरभर खाली आली. पट्टीच्या या भागात एक सेंटीमीटर म्हणजे चार डेसिबल. तान आली, खणखणीत आली, कुणाच्या कानाला टोचली नाही.

हे गेनच्या नॉबनं का करायचं नाही? गेन सगळ्यांच्या मुळाशी. तो वाढवला की मॉनिटरमध्ये, म्हणजे नटाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या त्याच्यासमोरच्या स्पीकरमध्येही आवाज वाढतो, तो परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटरची वाट फेडरच्या आधीच फुटलेली असेल, तर फेडर कितीही हलवा, नटाला ऐकू येणारा आवाज तोच राहतो. चालू पदात त्याच्या कानातला सूर हलवायचा हक्क कुणालाच नाही.

दुसरा हात रंगमंचावर टांगलेल्या आठ माईकांच्या फेडरवर. आठऐवजी चारच उघडे ठेवले तर शिट्टी मारण्याआधी साधारण तीन डेसिबल जास्त मिळतात. पण कुठले चार? ते ठरतं नट कुठून येणार, कुठे वळणार यावर. ते कन्सोलला ठाऊक नसतं. तालमीला बसलेल्या माणसालाच ते कळतं.

(दृश्य : आदल्या रात्रीची रंगीत तालीम. मांडीवर संहिता.)

"काका, दुसऱ्या अंकात मी डावीकडून येतो हां," नट सांगतो. कन्सोलवर बसणारे काका पानावर खूण करतात.

ऑपरेटरला ऐन संध्याकाळी बोलवायचं आणि तासाभरात सगळं लावायला सांगायचं, ही रीत अजून पुष्कळ गावांत आहे. या मंडळानं ती सोडली. रंगीत तालमीला कन्सोलही आला आणि काकाही आले. प्रत्येक प्रवेशाची फेडर-नॉबची मांडणी त्यांनी कन्सोलमध्ये सीन म्हणून साठवून घेतली. त्यामुळे आज पडदा वर जाताना फेडर स्वतःहून जागेवर आले.

(दृश्य : मध्यंतर. कन्सोलवर पांढरं कापड.)

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला परवानगी लागते. ती मोजक्याच दिवसांची आणि मध्यरात्रीपर्यंतच, त्यामुळे पहाटेपर्यंत चालणारी नाटकं आटोपती झाली.

(दृश्य : घंटा. कापड निघतं. बोट सीनच्या बटणावर.)

दुसरा अंक. नट डावीकडून आला. डावा माईक उघडा होता.