मागच्या अंगणातली दुसरी चूल

[दृश्य : सॅन होजे, कॅलिफोर्निया. सकाळची वेळ. घराच्या कडेने मागे जाणारी अरुंद वाट.]

रस्त्यावरून पाहिले, तर ही सारी एकेका कुटुंबाची बैठी घरे दिसतात. घराच्या कडेने मागे गेल्यावर मात्र कुठे कुंपणाशी बांधलेले, तर कुठे जुन्या गॅरेजचे रूपांतर करून उभे केलेले आणखी एक लहानसे घर आढळते. त्याला स्वतंत्र दार, स्वतंत्र न्हाणीघर आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असते. सरकारी कागदांत त्याला ‘एडीयू’ (ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट, म्हणजे मुख्य घराला पूरक घर) म्हणतात, तर लोकांच्या बोलण्यात ते ‘ग्रॅनी फ्लॅट’ असते किंवा स्पॅनिश भाषकांची ‘कासिता’.

आपल्याकडे ‘चुली वेगळ्या झाल्या’ असे म्हटले, की घर फुटले असा अर्थ होतो. कॅलिफोर्नियातही कायद्याचे लक्ष अनेक दशके चुलीवरच होते, कारण दुसरे स्वयंपाकघर म्हणजे दुसरे राहते घर, आणि एका भूखंडावर दुसऱ्या घराला बहुतेक वस्त्यांत परवानगी नव्हती. एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर, हा नियम बर्कली शहरात 1916 साली आला आणि पुढे देशभर पसरला. या नियमांमागे कृष्णवर्णीय आणि आशियाई कुटुंबांना वस्तीबाहेर ठेवण्याचा हेतूही होता, हे विसरून चालणार नाही. आई-वडिलांना जवळ ठेवू पाहणाऱ्या कुटुंबांपुढे मग दोनच मार्ग उरत : सर्वांनी एकाच छताखाली दाटीने राहायचे, किंवा परवाना न घेता गॅरेजमध्ये शेगडी मांडायची. लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतरित कुटुंबांनी हा दुसरा मार्ग मोठ्या प्रमाणावर पत्करला. तिथे नीट न टाकलेल्या विजेच्या तारांचा धोका होता आणि तपासनीस येईल ही धास्तीही होती.

[दृश्य : नकाशावर आखलेला भूखंड, मागच्या कोपऱ्यात लहान चौकोन.]

राज्याने 1982 मध्येच अशा घरांसाठी कायदा केला होता. परंतु वाहनतळाच्या, भूखंडाच्या आकाराच्या आणि इतर स्थानिक अटींमुळे तो बराचसा कागदावर राहिला. खरा बदल 2016 मध्ये संमत होऊन 2017 च्या आरंभी लागू झालेल्या कायद्यांनी सुरू केला आणि 2020 पासून लागू झालेल्या सुधारणांनी तो पुढे नेला. नियमांत बसणाऱ्या अर्जावर आता शहराला 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि त्यासाठी शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही. बाजूच्या व मागच्या हद्दीपासून 4 फूट जागा सोडली, की 800 चौरस फुटांपर्यंतचे घर सहसा नाकारता येत नाही. 750 चौरस फुटांपेक्षा लहान घराला विकास शुल्क माफ आहे आणि गॅरेजचे घर केले, तर गेलेल्या वाहनतळाची भरपाई मागता येत नाही. रात्रीबेरात्री हाकेच्या अंतरावर माणूस हवे असलेल्या वृद्धांसाठी मूळ घरातच 500 चौरस फुटांपर्यंतचा स्वतंत्र भाग काढण्याचीही सोय आहे.

हे आकडे रुक्ष वाटतील. पण हद्दीपासूनच्या त्या 4 फुटांवरच एखाद्या आजीला मुलाच्या अंगणात राहता येईल की दूरच्या वृद्धनिवासात, हे ठरत होते.

प्यू संशोधन केंद्राच्या अहवालानुसार 1971 मध्ये अमेरिकेतील 7 टक्के लोक एकाहून अधिक प्रौढ पिढ्यांच्या घरांत राहत होते. 2021 मध्ये हे प्रमाण 18 टक्क्यांवर पोहोचले. पैशांची ओढाताण आणि ज्येष्ठांची व मुलांची देखभाल ही त्याची मोठी कारणे आहेत. तरीही खर्चाचा अडसर कायम आहे. असे घर बांधायला बहुधा लाख डॉलरहून अधिक लागतात. कमी उत्पन्नाच्या घरमालकांना आराखडे आणि परवान्यांच्या खर्चासाठी 40 हजार डॉलरपर्यंत अनुदान देणारी राज्याची योजना होती, पण तिचा निधी संपून गेला. ज्यांना या घरांची गरज सर्वाधिक, त्यांच्याच आवाक्याबाहेर ती राहावीत, ही आम्हाला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

[दृश्य : मागच्या घराचे दार. उंबरठ्याबाहेर चपलांचा जोड.]

सॅन होजे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील, म्हणजे बे एरियातील, मराठी घरांनाही हा प्रश्न जवळचा आहे. भारतातून पर्यटक व्हिसावर येणाऱ्या आई-वडिलांना एका वेळी साधारणपणे सहा महिने राहता येते. ते दिवस नातवंडाच्या खोलीत पलंग टाकून निभावतात, पण कायमच्या वास्तव्यासाठी आले, की पहाटे उठून देवपूजा करणाऱ्या आजोबांना आणि रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या सुनेला एकमेकांची झोप सांभाळत राहावे लागते. मागच्या घरात आजीला तिच्या वेळी, तिच्या हाताने फोडणी देता येते आणि जेवायचे ताट मात्र हवे तेव्हा पुढच्या घरात मांडता येते. गाडी चालवता येत नसलेल्या वृद्धांचा एकटेपणा यामुळे पुरता सुटत नाही. जवळ बस नसेल, तर दिवसभर तेच अंगण आणि तेच कुंपण.

काही कुटुंबांत पुढे अदलाबदलही होते. मुले मोठी होऊन त्यांचे संसार सुरू झाले, की मधली पिढी स्वतः मागच्या घरात जाते आणि मोठे घर त्यांच्याकडे सोपवते. म्हणूनच जाणते बांधकाम करणारे आराखड्याच्या वेळीच पायरीविना दार आणि चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद चौकट सुचवतात. न्हाणीघराच्या भिंतीत, फरशा बसवण्याआधी, आडव्या लाकडी पट्ट्या ठोकून ठेवतात. धरायचा दांडा पुढे कधी लागला, तर तो त्या पट्ट्यांवर घट्ट बसावा म्हणून.