पसरणी घाटात एमजीबी आणि हायलक्स

[पसरणी घाट, सकाळ. खाली कृष्णाकाठची वाई.]

वाई ते पाचगणी. सुमारे ६०० मीटरचा चढ, आणि वळणामागून वळण.

पुढे आहे ती एमजीबी जीटी, इंग्लंडमध्ये १९६५ साली आलेली दोन दारांची स्पोर्ट्स कूपे. छपराची मागे उतरत गेलेली रेघ इटलीच्या पिनिनफरिनाची. तिच्यामागे टोयोटा हायलक्स, भारतात २०२२ साली आलेली पिकअप. हौद्यात स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट.

[दोन्ही गाड्या चढाला लागतात.]

आकड्यांत बरोबरीच नाही. एमजीबीचं १,७९८ सीसीचं पेट्रोल इंजिन ९५ अश्वशक्तीचं. हायलक्सचं २,७५५ सीसीचं टर्बो डिझेल २०४ अश्वशक्तीचं. वजन जवळपास दुप्पट असूनही चढाला पिकअपच जोर धरते, कारण इंजिनाच्या मिनिटाला १,६०० फेऱ्यांच्या आसपासच तिला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, मिळतो. वर हवा विरळ होत जाते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, ती दाबून भरतो, कूपेचा दम मात्र थोडा उणा होतो. एकेकाळची स्पोर्ट्स कार आज माल वाहणाऱ्या गाडीच्या मागे पडते, हे मान्य करायलाच हवं.

आता दोन्हींच्या खाली वाकून बघा.

[गाड्यांच्या पोटाखालचं दृश्य.]

पुढे विशबोन, म्हणजे चाक धरणारे दुबेळके दांडे, आणि कॉइल स्प्रिंग; मागे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा एक्सल आणि कमानपाटे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मधे अर्धं शतक गेलं, तरी दोन्ही गाड्यांची मांडणी हीच! पण हायलक्सचे पाटे ओझ्यासाठी बांधलेत. हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागची बाजू उसळते, माल भरला की गाडी ठाम बसते. एमजीबीवर ओझं दोन माणसांचंच. तिची उंची जेमतेम सव्वा मीटर, चालक जवळजवळ रस्त्यालगत बसलेला. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे चाकाखालची खडी थेट तळहाताला कळते. पिकअपला ज्या वळणात आपलं उंच अंग सावरावं लागतं, तिथे ही सरळ आत शिरते. म्हणून या घाटापुरता तरी मी एमजीबीच्या बाजूचा.

[साताऱ्यातलं गॅरेज. एमजीबीचं बॉनेट उघडं.]

अशी गाडी साताऱ्यात सांभाळणार कोण? ज्यांनी ॲम्बॅसडर सांभाळल्या, ते. ॲम्बॅसडरचं १,४८९ सीसीचं इंजिन आणि हे इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीजचं. पेट्रोल-हवा मिसळणारा एसयू कार्ब्युरेटर, झडपा उघडणाऱ्या टॅपेटची फट, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर, सगळं ओळखीचं. म्हणून जुन्या मिस्त्रींचे हात या बॉनेटखाली चाचपडत नाहीत. हायलक्सला आधी संगणकातला बिघाड वाचणारा स्कॅनर लावतात, आणि तिच्यासाठी तेच बरोबर आहे. पण कानाने टॅपेट ओळखणारे मिस्त्री आता थकत चाललेत. आयटीआयला जाणाऱ्या इथल्या पोरांनी असं एक तरी इंजिन त्यांच्या हाताखाली उघडून पुन्हा जुळवावं, आणि लवकर.