राग किती घरे पुढे जातो?

श्रोतेहो, नमस्कार.

समाजमाध्यमांवर राग फार लवकर पसरतो, असे आपण सहज बोलून जातो. पण तो आनंदापेक्षा खरोखरच अधिक पसरतो का, हे मोजायचे कसे? बीजिंगच्या बेइहांग विद्यापीठातील चार संशोधकांनी २०१३ साली हा प्रयत्न केला. चीनमध्ये ट्विटरसारखे वेइबो नावाचे माध्यम आहे. त्यावर सुमारे दोन लाख माणसांनी २०१० साली सहा महिन्यांत लिहिलेल्या जवळपास सात कोटी नोंदी त्यांनी तपासायला घेतल्या. एवढे सारे वाचणे कुणालाही शक्य नव्हते. म्हणून लोक मजकुरात हसरे, रडवेले, संतापलेले असे जे चिमुकले चेहरे टाकतात, त्यांच्याच आधाराने संगणकाला राग, आनंद, दुःख आणि किळस या चार भावना ओळखायला शिकवण्यात आले.

मग त्यांनी एवढेच पाहिले, की एखाद्याच्या लिखाणात राग असेल, तर त्याच्याशी वरचेवर संवाद साधणाऱ्याच्या लिखाणातही तो आढळतो का. रागाच्या बाबतीत हे साम्य आनंदापेक्षा ठळकपणे जास्त निघाले, आणि मित्राच्या मित्राचा मित्र, म्हणजे तीन घरांपर्यंत ते जाणवत राहिले. दुःखाचे साम्य मात्र अगदीच क्षीण होते.

मला या अभ्यासात रागापेक्षाही दुःखाची ही गोष्ट अधिक चटका लावते. आपल्याकडे कुणाच्या घरी मृत्यू झाला, की शेजारून पिठलंभात येतो, माणसे नुसतीच येऊन बसतात. पडद्यावर आपण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढे दोन शब्द उमटवतो आणि अंगठा पुढे सरकतो. दुःख माणसाला जागीच बसवते, तर राग त्याला उठवून काहीतरी करायला लावतो. अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे सात हजार लेखांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही विस्मय, संताप किंवा चिंता जागवणारे लेख वाचकांनी इतरांना अधिक पाठवले, आणि खिन्न करणारे कमी पाठवले, असे दिसले होते.

तरीही एक सावधगिरी हवी. साम्य दिसले म्हणजे संसर्ग झालाच, असे नव्हे. समान विचारांची माणसेच मुळात एकमेकांशी जोडली जातात, आणि एकाच बातमीने दोघांचेही माथे स्वतंत्रपणे भडकू शकते. वेइबोवरचा राग पेटत होता तो अन्नातली भेसळ, लाचखोरी, राहती घरे पाडणे आणि परराष्ट्रांशी होणारे तंटे यांवरून. त्यातला बराचसा राग रास्तच होता, असे मी म्हणेन.

मात्र राग रास्त असला, तरी त्याला मिळणारी दाद माणसाला काहीतरी शिकवत असते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली ७,३३१ जणांचे सव्वा कोटीहून अधिक ट्वीट तपासले, तेव्हा संतप्त लिखाणाला ज्यांना अधिक पसंती मिळाली होती, ते पुढे अधिक संतापून लिहू लागल्याचे दिसले. टाळ्या पडू लागल्या, की कीर्तनकाराचाही आवाज चढतो. इथे तर टाळ्या मोजून दाखवल्या जातात.

रागाबरोबर भीती मिसळली, की तीन घरांचा हिशेबही पुरत नाही. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत असताना, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. देशात अशा घटना लागोपाठ घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतापुरती, एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. संदेश खरा की खोटा, हे ती मर्यादा ठरवत नव्हती. पाठवणाऱ्याच्या बोटाला पाच ठिकाणांनंतर क्षणभर थांबावे लागत होते, एवढेच.