श्रेणी बघता, तसे फेरेही बघा

विजेच्या मोटरच्या पाटीवर कार्यक्षमतेची श्रेणी लिहिलेली असते: आयई-२, आयई-३, आयई-४. आकडा जितका मोठा, तितकी वीज कमी वाया जाते. खरेदीच्या वेळी ती सगळे बघतात. त्याच पाटीवर पूर्ण भाराला मोटर मिनिटाला किती फेरे मारते, हेही असतं. जुनी मोटर काढून वरच्या श्रेणीची बसवली तर वीज किती वाचेल, हे कळायला दोन्ही आकडे लागतात. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी श्रेणी. ती आयईसी ६००३४-३०-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे; ते २०१४ मध्ये आलं. थेट लाइनवर, म्हणजे विजेच्या पुरवठ्यावर, चालणाऱ्या, एकाच वेगाच्या, ०.१२ ते १००० किलोवॅटच्या, २, ४, ६ आणि ८ पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या; ध्रुव जास्त तितका वेग कमी) मोटरी त्यात येतात. ‘आयई-३ म्हणजे अमुक टक्के’ असं सरसकट सांगता येत नाही, कारण किलोवॅट, पोल आणि फ्रिक्वेन्सी बदलली की हद्द बदलते. ५० हर्ट्‌झच्या ४ पोल मोटरीत ०.७५ किलोवॅटला आयई-३ साठी ८२.५ टक्के पुरतात, ७५ किलोवॅटला ९५ लागतात. आपण १५ किलोवॅट, ४ पोलची मोटर धरू. तिचे आकडे: आयई-१ ला ८८.७, आयई-२ ला ९०.६, आयई-३ ला ९२.१ आणि आयई-४ ला ९३.९ टक्के.

८८.७ आणि ९२.१ मधला फरक किरकोळ वाटतो. तो टक्क्यांत न बघता वॅटमध्ये बघा. शाफ्टवर १५ किलोवॅट द्यायला आयई-१ मोटर लाइनमधून १६.९१ किलोवॅट घेते, आयई-३ मोटर १६.२९. म्हणजे आत उष्णता होऊन जाणारी वीज १.९१ वरून १.२९ वर आली, जवळजवळ एक तृतीयांश कमी झाली. वर्षाला ६००० तास पूर्ण भाराने चालणाऱ्या मोटरीत ही बचत सुमारे ३७०० युनिटची होते. तीच मोटर वर्षाला ५०० तास चालत असेल तर ३१० युनिट. म्हणून बदलायच्या मोटरींची यादी करताना चालण्याचे तास सगळ्यात आधी लिहा.

हा तोटा कमी कसा होतो? स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, खाचांत तांबं जास्त भरतात, कोअर (पातळ पत्र्यांचा लोखंडी गाभा) लांब करतात, त्याची स्टॅम्पिंग, म्हणजे कापलेले पत्रे, कमी तोट्याच्या पत्र्याची वापरतात. मोटर कमी तापते म्हणून मागचा पंखा लहान चालतो आणि हवा घुसळण्यात जाणारी वीजही वाचते. रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, दांड्यांचा विद्युत रोध कमी करतात, आणि खरी गोम इथे आहे. मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र ज्या वेगाने फिरतं तो सिंक्रोनस वेग; रोटर त्याच्या जितका मागे पडतो ती स्लिप. रोटरमधला तांब्याचा तोटा थेट स्लिपच्या प्रमाणात असतो. ४ पोल मोटरचा सिंक्रोनस वेग मिनिटाला १५०० फेरे. जुनी मोटर १४५५ ला चालत असेल तर स्लिप ३ टक्के. नवी १४७० ला चालली तर २ टक्के. तोटा घटला, पण त्याबरोबर मोटर १५ फेऱ्यांनी जोरात पळायला लागली.

कन्व्हेयरला याने फारसं बिघडत नाही. सेंट्रिफ्यूगल पंप (चाक फिरवून पाणी फेकणारे) आणि पंखे मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती मागतात. १४७० भागिले १४५५, त्याचा घन केला की १.०३१ येतो. शाफ्टवरची मागणी १५ वरून १५.४७ किलोवॅटवर जाते, लाइनमधून १६.८ किलोवॅट ओढले जातात. कागदावर ०.६२ किलोवॅटची बचत होती, हातात ०.१२ सुद्धा येत नाही. शिवाय मोटर पाटीपेक्षा जास्त भारावर चालते. पंपाच्या पाइपलाइनमध्ये स्थिर उंची (पाणी किती वर चढवायचं ती) किती आहे त्यावर आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण दिशा हीच राहते. पाण्याचा किंवा हवेचा वाढलेला प्रवाह उपयोगी पडत असेल तर प्रश्न नाही. आधीचाच प्रवाह पुरत असेल, तर व्हॉल्व्ह आवळून तो कमी करणं म्हणजे वाचवलेली वीज व्हॉल्व्हवर जाळणं.

उपाय अवघड नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्यात मोटरची पुली एक टक्क्याने लहान करा: २०० मिलिमीटरची असेल तर १९८. थेट कप्लिंग असेल तर इम्पेलर (पंपाचं आतलं चाक) लेथवर थोडा लहान करून घ्या, आणि ड्राइव्ह (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारं यंत्र) आधीपासून असेल तर फ्रिक्वेन्सी अर्धा हर्ट्‌झ उतरवा. त्यासाठी जुनी मोटर काढण्याआधी, ती भारावर असताना, कप्लिंगवर परावर्तक टेपचा तुकडा चिकटवून टॅकोमीटरने फेरे मोजून लिहून ठेवा. मोटर उतरवल्यावर हा आकडा पुन्हा मिळत नाही. त्याच वेळी तिन्ही फेजचा पॉवर मीटरही लावा. निव्वळ स्लिपवरून भाराचा अंदाज बांधू नका. पाटीवरच्या फेऱ्यांवरून निघणाऱ्या स्लिपला २० टक्के इकडेतिकडे मुभा असते, त्यामुळे ३० फेऱ्यांची स्लिप प्रत्यक्षात २४ किंवा ३६ सुद्धा असू शकते.

मुभा कार्यक्षमतेलाही आहे, ती खरेदीदाराला ठाऊक हवी. १५० किलोवॅटपर्यंत तोट्याच्या टक्क्यांवर १५ टक्के, त्यापुढे १० टक्के. आपल्या मोटरीचा तोटा ७.९ टक्के, त्याचे १५ टक्के साधारण १.२. पाटीवर ९२.१ असलेली एखादी मोटर चाचणीत ९०.९ निघाली तरी ती मानकात बसते. दोन निर्मात्यांच्या आकड्यांत ०.२ चा फरक दिसला म्हणून निर्णय फिरवण्यात अर्थ नाही.

नव्या मोटरीचा सुरुवातीचा करंटही बहुधा जास्त असतो, कारण रोध कमी आणि तोटा कमी. मोटर सुरू करताच ब्रेकर पडला की वायरिंगवर संशय जातो; अनेकदा जुन्या मोटरीसाठी लावलेली मॅग्नेटिक ट्रिपची (मोठा करंट येताच ब्रेकर पाडणाऱ्या भागाची) सेटिंग खाली असते. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) घेताना एसी-३ई हा वर्ग बघा, तो अशाच मोटरींसाठी आला आहे. ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारा) नव्या पाटीवरच्या करंटला लावा. १५ किलोवॅट, ४ पोलची फ्रेम (सांगाड्याचं ठरलेलं माप) सहसा १६०एलच राहते, म्हणजे पायाची भोकं २५४ बाय २५४ आणि शाफ्ट ४२ मिलिमीटर. पण मोटरची लांबी वाढू शकते. पंख्याच्या जाळीमागे हवेला जागा उरते का, ते आधीच मोजा.

शेवटचा मुद्दा रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरण्याचा. चांगलं केलेलं रिवाइंडिंग कार्यक्षमता जवळपास होती तशी राखतं, वाईट केलेलं ती कायमची घालवतं. जळालेली वाइंडिंग गॅसच्या ज्योतीने भाजून काढली की स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन जातं, पत्रे एकमेकांना शॉर्ट होतात आणि मोटर रिकामी चालतानाही कोअर तापतो. भट्टीतच भाजा आणि कोअरचं तापमान ३७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. तारेचे वेढे (टर्न) तेवढेच, तारेचं एकूण क्षेत्रफळ तेवढंच किंवा थोडं जास्त, आणि कॉइलची डोकी मूळपेक्षा लांब नकोत, कारण खाचेबाहेरचं तांबं फक्त तापतं. वाइंडिंग काढण्याआधी आणि काढल्यानंतर, एकाच फ्लक्सवर (चुंबकीय प्रवाहावर), कोअर लॉसची, म्हणजे गाभ्यातल्या तोट्याची, चाचणी घ्या. तोटा २० टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर नवी तार भरण्याआधी पत्रे दुरुस्त करा. ते जमत नसेल तर तो स्टेटर बाद करा.