रिपोर्ट सुधारला, पेशंटचं काय?

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेत माझा विषय चांगला दोन ओळींचा छापलाय. मधुमेहातली किडनी, गंभीर संसर्ग, त्यांवरचं संशोधन वगैरे. घाबरू नका. मी ओपीडीत बसणारी किडनीची डॉक्टर. माझ्यासमोरचा पेशंट खुर्चीवर टेकायच्या आत विचारतो, "मॅडम, क्रिएटिनिन किती आलं?" क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा; तो वाढला की किडनीचं काम कमी झालं असं आपण धरतो. आज त्या आकड्याचीच गोष्ट सांगते, म्हणजे तो कधी कधी कसा फसवतो त्याची.

किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्या गाळण्यांतला दाब वाढतो, आणि सुरुवातीला त्या जरुरीपेक्षा जास्तच गाळायला लागतात. मग जाळी सैल होते, लघवीतून प्रथिन जायला लागतं. दुखत काहीच नाही. रक्तातलं क्रिएटिनिन डोळ्यांत भरेपर्यंत बऱ्याचदा निम्मं काम गेलेलं असतं. म्हणून मी लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे याच प्रथिनाची, तपासणी लिहून देते आणि लोक ती करत नाहीत, कारण "त्रास काहीच नाही".

आता २०११-१२ चा काळ आठवा. बार्डोक्सोलोन नावाचं औषध आलं होतं आणि आम्ही सगळे हरखलो होतो. आमच्या धंद्यात किडनीची घसरण फार तर हळू करता येते. हे औषध घेतल्यावर गाळण्याचा वेग चक्क वाढत होता! मग बीकन नावाची मोठी ट्रायल झाली. टाइप २ मधुमेह, किडनी बरीच खालावलेली, असे २,१८५ पेशंट. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे सुधारले. पण औषधाच्या गटातल्या १,०८८ जणांपैकी ९६ जण हार्ट फेल्युअरनं दवाखान्यात भरती झाले किंवा त्यानंच दगावले; दुसऱ्या गटात १,०९७ पैकी ५५. ऑक्टोबर २०१२ मध्ये ट्रायल मध्येच थांबवली. दुसरा गट नसता, तर त्या ९६ जणांबद्दल आम्ही काय म्हटलं असतं सांगू? "वय झालं होतं, त्यात मधुमेह." आणि पुढच्याला तीच गोळी लिहून दिली असती.

याच्या बरोबर उलटी गंमत ग्लिफ्लोझिन गटातल्या औषधांची. तुमच्यापैकी काही जण घेतही असतील. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, पण किडनीसाठी त्यांचं मोठं काम वेगळं आहे. गाळणीत येणारी रक्तवाहिनी ती थोडी आवळतात. बागेतला पाइप नळाजवळ चिमटीत धरला की पुढचा जोर कमी होतो, तसं. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. पेशंटचा मुलगा रात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतो: "मॅडम, गोळीनं बिघडलं, बंद केली." अरे बाबा, थांब जरा! २०१९ मध्ये याच गटातल्या एका औषधाची क्रेडेन्स ट्रायल छापून आली, ४,४०१ पेशंटांची. हजार माणसं वर्षभर पाहिली, तर डायलिसिसची वेळ, क्रिएटिनिन दुप्पट होणं किंवा किडनी-हृदयाच्या कारणानं मृत्यू, असं साध्या, म्हणजे बिनऔषधी, गोळीवाल्यांत ६१ जणांना झालं, औषधवाल्यांत ४३ जणांना. तीही ट्रायल आधीच थांबवली, पण फायदा स्पष्ट दिसला म्हणून.

मग कोविड आला. प्लाझ्मासाठी, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, आपण किती फोन फिरवले, आठवतंय? मीही फिरवलेत, स्वतःच्या नातलगासाठी. आयसीएमआरनं, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० मध्येच ३९ रुग्णालयांतल्या ४६४ पेशंटांवर त्याची चाचणी केली होती. प्लाझ्मा दिलेल्यांत सातव्या दिवशी विषाणूची तपासणी जास्त जणांची निगेटिव्ह आली. पण आजार गंभीर होणं किंवा मृत्यू? प्लाझ्मावाल्यांत १९ टक्के, बाकीच्यांत १८. तरी फोन चालूच राहिले. उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघाला तो मे २०२१ मध्ये.

स्टेरॉइडचं दुखणं निराळं. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं जून २०२० मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ४१ टक्क्यांवरून २९ वर येतात. पण त्याच निकालात हेही होतं, की ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना फायदा नाही, झुकलाच तर आकडा तोट्याकडे झुकत होता. आपण वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला. साध्या तापाला घरीच गोळ्या सुरू झाल्या, मधुमेह्यांच्या शुगरी तीनशे-चारशेवर गेल्या आणि २०२१ च्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली. तिच्यावर अँफोटेरिसिन हे बुरशी मारणारं इंजेक्शन. त्याचा लायपोसोमल प्रकार किडनीला त्यातल्या त्यात जपतो, पण तो मिळेना, म्हणून जुनं इंजेक्शन. त्यानं क्रिएटिनिन चढतं, पोटॅशियम उतरतं. माझ्याकडे एक बाई होत्या, वरचा जबडा काढलेला, बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून विचारायच्या, "आज किती?" मी आकडा लिहायची. दोन पॉइंट आठ. तीन पॉइंट एक. डोळा वाचवायचा तर इंजेक्शन बंद करता येत नव्हतं.

"आमच्यावर प्रयोग करता का" हा प्रश्न शेवटी येणारच, म्हणून आधीच सांगते. हो, करतो, विचारून करतो. संमतीपत्र मराठीत असतं, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवतो. साधी गोळी मिळणाऱ्यालाही त्याचे नेहमीचे उपचार चालूच असतात. उरलेल्या गोळ्या दर वेळी परत आणायच्या, आम्ही मोजतो. एका काकांच्या डब्यात चाळीस जास्त निघाल्या. काकू म्हणाल्या, "महागाच्या असतील म्हणून मीच वाचवून ठेवल्या, एकाआड एक देते." तो दिवस मी विसरणार नाही.

ट्रायल संपल्यावर त्यांचा लिफाफा उघडला. काका साध्या गोळीच्या गटात होते.

"म्हणजे तीन वर्षं मी खडू खाल्ला?"

"तोही निम्माच," काकू म्हणाल्या.

काका हसले, आणि मग लगेच, "आता खरी कधी सुरू करताय?" त्याच दिवशी लिहून दिली. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन थोडं वाढलं, तेव्हा फोन काकूंचाच आला.