मुका मार आणि मालिकेतली सपाट रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

मालिकेतला हा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. स्ट्रेचर धावत आत येतं, मॉनिटरवरची रेघ सपाट होते, डॉक्टर छातीवर शॉक देतात आणि पेशंट डोळे उघडतो. सपाट रेघेवर शॉक देत नाहीत. पुन्हा सांगते, सपाट रेघेवर शॉक देत नाहीत. छाती दाबत राहायची आणि हृदय का थांबलं ते शोधायचं. मुका मार लागलेल्या माणसात ते कारण पुष्कळदा आतल्या आत वाहिलेलं रक्त असतं.

मुका मार! किती नेमका शब्द आहे. अंगावर ओरखडा नाही आणि आत प्लीहा, म्हणजे पोटातला डाव्या बाजूचा अवयव, फाटलेली. तरण्या माणसाचं ३० टक्के रक्त जाईपर्यंत रक्तदाब तग धरू शकतो. आधी नाडी पळते, रक्तदाब मागाहून कोसळतो. नाडी आधी, रक्तदाब नंतर. म्हणून पोटावर लगेच सोनोग्राफी करतात. पुष्कळांना ऑपरेशन लागतही नाही, नुसती डोळ्यांत तेल घालून देखरेख लागते. २०१८ साली अमेरिकेत ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या हॉस्पिटलवरच्या मालिकेतले २९० जखमी खऱ्या पेशंटांच्या नोंदींशी ताडून पाहिले. मालिकेतले ७१ टक्के इमर्जन्सीतून थेट ऑपरेशनला गेले होते, खरे फक्त २५ टक्के.

आणि मालिकेत नर्सला ट्रे धरायला उभी करतात, ते मला मुळीच पटत नाही. रात्रपाळीला पेशंटचा रंग उतरलेला सर्वांत आधी तिलाच दिसतो.

आता मला जी गोष्ट सांगायचीच होती, ती सांगते. फेब्रुवारी १९७६. जेम्स स्टायनर नावाचे हाडांचे सर्जन बायको आणि चार मुलांना घेऊन स्वतःचं छोटं विमान चालवत घरी निघाले होते. अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका शेतात रात्री विमान कोसळलं. बायको जागीच गेली. तीन मुलं बेशुद्ध. स्वतःच्या फासळ्या मोडलेल्या असताना हा बाप अंधारात, थंडीत, एकेका मुलाला सांभाळत राहिला. कित्येक तास मदत आली नाही. शेवटी रस्त्यापर्यंत चालत जाऊन त्यांनी गाडी थांबवली. जवळचं छोटं रुग्णालय गाठलं, तर दाराला कुलूप! डॉक्टर बोलवावे लागले. ते आले आणि त्यांनी एका मुलाला खांद्यांखाली आणि गुडघ्यांखाली हात घालून उचलून एक्स-रेला नेलं. मान कोणी धरलीच नाही. सर्जन असलेला बाप ते बघत होता. उघड्या शेतात, रिकाम्या हातांनी मी जे केलं, त्यापेक्षा इथे कमी होतंय, हे त्यांच्या मनातून गेलं नाही.

त्यांनी सहकाऱ्यांना गोळा केलं आणि १९७८ साली नेब्रास्कातच जखमींवर उपचार कसे करायचे याचा डॉक्टरांसाठी पहिला कोर्स झाला. क्रम ठरला: आधी श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्तस्राव, मग मेंदू, मग कपडे काढून सगळं अंग तपासायचं. आज हा कोर्स ८० हून जास्त देशांत शिकवतात. श्वासाच्या मार्गाच्या पायरीतच मान आहे. श्वासाचा मार्ग मोकळा करायचा, पण मान हलू न देता. एकजण उशाशी उभा राहतो, पंजे कानांच्या दोन्ही बाजूंना पसरून डोकं धरतो, आणि बाकीचे काम करत असताना जागचा हलत नाही.

स्टायनरांची चारही मुलं वाचली.